तेवीस स्टिकरांवर नसलेले शून्य

ज्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मी हे लिहायला बसले आहे, तो आधी स्पष्ट मांडते. एका मोठ्या कागदावर चोवीस स्टिकर छापले गेले. त्यांपैकी एकावर '२० मिनिटे' असे होते आणि उरलेल्या तेविसांवर '२ मिनिटे'. ते तेवीस ठिकाणचे शून्य कुणामुळे गळले? हा प्रश्न आमच्या छापखान्यात विचारला गेला, त्याचे एक उत्तरही दिले गेले आणि त्या उत्तरामुळे एका माणसाला काम सोडावे लागले. ते उत्तर चुकीचे होते. बरोबर उत्तर फक्त मलाच ठाऊक आहे, अशा समजुतीत मी अडीच महिने काढले.

मी पूर्वी चिंचवडच्या एका शाळेत गणित शिकवत असे. तुकड्या कमी झाल्या तेव्हा जे शिक्षक आधी गेले त्यांत मी होते. संगणकावर मराठी मजकूर बसवण्याचे काम मी त्यानंतर शिकले आणि गेली काही वर्षे तळवड्याच्या एका लहान छापखान्यात छपाईपूर्व तपासणी पाहते. आमच्याकडे पुस्तके छापत नाहीत. चाकणच्या कारखान्यांतल्या यंत्रांवर चिकटवायचे स्टिकर छापतात: इथे हात घालू नका, तेलाची पातळी पाहा, झाकण उघडण्यापूर्वी वीज बंद करा. ओळी दोन-तीनच असतात, पण यंत्राजवळ उभा असलेला माणूस त्या ओळींवर विश्वास ठेवून हात पुढे करतो. हे वाक्य मी नव्या माणसांना पहिल्या दिवशी सांगत असे. आता सांगत नाही.

ज्यांना हा व्यवसाय परका आहे त्यांनी एक गोष्ट समजून घ्यावी, कारण पुढचे सगळे तिच्यावर उभे आहे. आपण संगणकावर 'क' उमटवतो तेव्हा संगणकाच्या लेखी ते अक्षर असते. ते कसे दिसावे हे फॉन्ट ठरवतो. तीच फाइल दुसऱ्या संगणकावर उघडली आणि तिथे तो फॉन्ट नसला, तर तो संगणक तक्रार करीत बसत नाही. स्वतःजवळचा कुठलातरी फॉन्ट घालून मोकळा होतो. मराठीच्या जुन्या फॉन्टांच्या बाबतीत मग वेलांट्या सरकतात, जोडाक्षरे फुटतात, कधी अख्खी ओळ निरर्थक चिन्हांची होते. म्हणून फाइल छपाईला जाण्यापूर्वी मजकूर 'कर्व्ह' करतात. म्हणजे प्रत्येक अक्षराचे त्याच्या बाह्यरेषेच्या चित्रात रूपांतर करतात. त्यानंतर तो 'क' राहत नाही, 'क'च्या आकाराची आकृती उरते. आकृतीला फॉन्ट लागत नाही, त्यामुळे ती कुठेही बिघडत नाही. मात्र तिच्यात मजकूर म्हणून दुरुस्तीही करता येत नाही. यासाठी दोन फायली ठेवायच्या असतात, एक जिवंत मजकुराची आणि एक कर्व्ह केलेली. ग्राहकाने काही बदलले, तर ते जिवंत फाइलीत बदलायचे, पुन्हा कर्व्ह करायचे आणि पुन्हा पहिल्यापासून तपासायचे.

हे नियम मी माझ्या हस्ताक्षरात लिहून भिंतीवर लावले होते. त्यात आणखी एक नियम होता, तो मला विशेष आवडत असे. कर्व्ह झाल्यावर स्टिकरमधल्या सगळ्या आकृत्या एकत्र बांधून त्यांचा एकच गट करायचा. पुढे मांडणी करणाऱ्याने त्या गटावर एकदाच क्लिक करायचे, सगळा स्टिकर निवडला जातो, आणि त्याच्या प्रती कागदभर पसरायच्या. चौकट ओढून निवडायचे नाही, कारण ओढताना कडेचा एखादा तुकडा बाहेर राहू शकतो. छपाईयंत्रावरचे लोक याला 'बाईंची शाळा' म्हणत.

"बाई, क्लिक एकदाच करायचं ना? दोनदा केलं तर उभं करणार का बाकावर?" असे एकाने विचारले होते.

"बाकावर नाही. तुम्हाला सगळे स्टिकर हाताने मोजायला लावीन," मी म्हणाले होते.

मांडणीचे काम ज्यांच्याकडे होते ते लातूरकडचे गृहस्थ होते, चाळिशीचे, कमी बोलणारे. माझे नियम त्यांनी थट्टा न करता पाळले. एकाच स्टिकरच्या प्रती चार ओळींत, ओळीत सहा, अशा ते बसवत तेव्हा कापण्याच्या खुणा कुठेही चुकत नसत. ते ठेकेदारामार्फत लागलेले होते आणि दोन वर्षे पूर्ण झाली की त्यांना कायम करायचे असे मालकांनी कबूल केले होते. त्यांची बायको आणि मुलगी गावी होत्या. थेरगावात एका खोलीत ते दोघा गाववाल्यांबरोबर राहत. कायम झाले की वेगळी खोली घ्यायची, जूनमध्ये मुलीला इथल्या शाळेत पाचवीत घालायचे, असे त्यांचे ठरले होते. शाळा कोणती चांगली हे त्यांनी मला विचारले होते आणि मी त्यांना तीन शाळांची नावे कागदावर लिहून दिली होती. तो मार्च महिना होता. दोन वर्षे भरायला पाच-सहा आठवडे उरले होते.

त्या बुधवारी दुपारी एका कारखान्याच्या सुरक्षा अधिकाऱ्यांचा फोन आला. त्यांच्या तापवण्याच्या यंत्रांसाठीचा स्टिकर तयार होता, कर्व्ह झालेला, गट बांधलेला. त्यावर दोन ओळी होत्या. 'वीजपुरवठा बंद केल्यावर २ मिनिटे थांबूनच झाकण उघडा' आणि तिच्याखाली 'आतील तापमान २०० अंश'. अधिकारी म्हणाले, दोन नव्हे, वीस मिनिटे पाहिजेत. त्यांच्याकडून पाठवतानाच चूक झाली होती. मी ते लिहून घेतले, वाचून दाखवले आणि फोन ठेवला. इथपर्यंत माझे सगळे नियमाप्रमाणे झाले.

आमच्या भागात गुरुवारी कारखान्यांना सुट्टी असते. त्यामुळे बुधवारची दुपार ही आमच्याकडे परीक्षेच्या शेवटच्या दहा मिनिटांसारखी जाते. छपाईच्या प्लेट तयार करून देणाऱ्यांचा माणूस दारात मोटारसायकल लावून उभा होता आणि दर थोड्या वेळाने आत डोकावून "झालं का हो?" म्हणत होता. जिवंत फाइल उघडणे, दुरुस्त करणे, कर्व्ह करणे, तपासणे यात पाऊण तास गेला असता. तेव्हा मी ते केले, जे आमच्या व्यवसायात बहुतेक सगळे करतात आणि जे करू नका असे मी सगळ्यांना सांगत असे. मी शून्य उसने घेतले.

याचा अर्थ असा. कर्व्ह केलेल्या फाइलीत नवे अक्षर टंकता येत नाही, पण तिथेच कुठेतरी तशीच आकृती असली तर तिची नक्कल उचलून हव्या त्या जागी ठेवता येते. दोन्ही ओळी एकाच मापाच्या होत्या. खालच्या दोनशेतले शेवटचे शून्य मी उचलले, त्याची नक्कल वरच्या दोनच्या शेजारी ठेवली आणि पुढचे शब्द गटातल्या गटात किंचित उजवीकडे सरकवले. पडद्यावर ते निर्दोष दिसत होते. ते शून्य मात्र गटाच्या बाहेर होते. सुटे, नुसते वर ठेवलेले. ते गटात बांधायला दोन कळा दाबाव्या लागतात. मी त्या दाबल्या नाहीत. दारातून पुन्हा "बाई, झालं का?" आले आणि मी फाइल पुढे पाठवली.

मांडणीवाल्यांनी माझ्या नियमाप्रमाणे गटावर एकदाच क्लिक केले आणि स्टिकर चोवीस घरांत पसरला. मूळ सोडून गटाच्या तेवीस प्रती झाल्या. सुटे शून्य जिथे होते तिथेच, डावीकडच्या वरच्या कोपऱ्यातल्या मूळ स्टिकरवर, राहिले. बाकी तेविसांवर दोनच्या पुढे एक मोकळी जागा आली.

त्यांनी कागदाची चाचणीप्रत, म्हणजे प्रूफ, काढून माझ्यापुढे ठेवली. "बाई, तेवढं पाहून घ्या. दोनच्या म्होरं जागा जरा जास्त वाटायलीय," ते म्हणाले.

मी डावीकडचा वरचा स्टिकर पाहिला. तिथे वीस होते, जागा बरोबर होती. "ठीक आहे ते," मी म्हणाले, आणि उरलेल्या तेवीस घरांत न वाचता लाल पेनाने बरोबरच्या खुणा केल्या. शाळेत चाळीस वह्या तपासताना हात जसा आपोआप चालतो, तसा तो चालला. खाली सही केली. शुक्रवारी छपाई झाली.

पुढच्या आठवड्यात कारखान्यातल्या एका फिटरने शेजारशेजारची दोन यंत्रे पाहिली. एकावर वीस मिनिटे, दुसऱ्यावर दोन. त्याने दोन्ही स्टिकरांचे फोटो काढून वर कळवले. कुणाला इजा झाली नाही. हे वाक्य मी इतक्या वेळा स्वतःशी म्हटले आहे की आता ते मला ऐकू येत नाही.

आमचे मालक जवळच्याच गावचे. वडिलोपार्जित जमिनीच्या तुकड्यावर त्यांनी हा छापखाना उभा केला आहे. आवाज मोठा, पण मनात काही ठेवत नाहीत. ते फोटो दाखवत आत आले.

"ह्ये काय हाय? एका कागदावर दोन भाव? बाई, तुमी असताना हे झालंच कसं?"

मी म्हणाले, "पाहावं लागेल."

"तुमी तपासलेलं आसंल तर बरोबरच आसंल. मंग चूक मांडताना झाली, व्हय का न्हाई?" ते मांडणीवाल्यांकडे वळले. "काय राव? बाईंनी पास केल्यावर फाइलीला हात लावला व्हता का?"

"न्हाई साहेब. प्रूफवर बाईंची सही हाय. प्रूफ पाहा ना."

"कुटंय प्रूफ?"

"बाईंकडं दिलं होतं."

सगळे माझ्याकडे पाहू लागले. तो कागद माझ्या कपाटात होता, वरच्या कप्प्यात, निळ्या फायलीत. उठून चार पावले चालले असते तर तो सगळ्यांच्या हाती आला असता, आणि त्यावरच्या चोवीस लाल खुणाही.

मी म्हणाले, "शोधते."

एवढेच. खोटे बोलले नाही, असे त्या संध्याकाळी मी स्वतःला समजावले. शोधते म्हणजे नाही असे नव्हे. मुलांनी अशी उत्तरे दिली की मी त्यांना फळ्यासमोर उभे करीत असे.

मी शोधले नाही. दुसऱ्या दिवशी विचारले गेले तेव्हा म्हणाले, "सापडत नाही." हे मात्र उघड खोटे होते आणि ते पहिल्यापेक्षा सोपे गेले. कारखान्याला चूक कुणाची हे लेखी कळवायचे होते. प्रत नसल्याने सहीपर्यंत सगळे बरोबर होते आणि बिघाड सहीनंतर मांडणीची फाइल हाताळताना झाला, असे ठरले. मालकांनी मांडणीवाल्यांना बोलावून सांगितले की ठेकेदाराकडे दुसरा माणूस मागितला आहे.  त्यांनी खुर्चीवर टाकलेला टॉवेल घडी करून पिशवीत घातला, माझ्या टेबलाजवळून जाताना "येतो बाई" म्हणाले आणि गेले. नंतर कळले की ते चाकणला एका खोके बनवणाऱ्या कारखान्यात लागले, तेही ठेक्यावर.

एप्रिल गेला, मे गेला. मी भिंतीवरचे नियम काढून पुन्हा सुवाच्य अक्षरात लिहिले. नव्या ऑपरेटरला ते समजावून सांगताना मी 'एकदाच क्लिक' या ओळीपाशी थांबत असे आणि तो वाट पाहत असे. जूनमध्ये आमच्या सोसायटीतली मुले नव्या गणवेशात खाली उभी राहू लागली. त्या तीन शाळांपैकी एकीची बस आमच्याच फाटकाशी थांबते. तिच्यात मुले चढताना मी रोज वरून पाहत होते, आणि एका बुधवारी मला ते पाहवले नाही.

दुसऱ्या दिवशी, गुरुवारच्या सुट्टीत, मी थेरगावला मांडणीवाल्यांकडे गेले. डांगे चौकापासून भाजीच्या गाड्यांमधून वाट काढत त्यांची इमारत सापडली. खोलीत ते एकटेच होते, दोरीवर शर्ट वाळत घालत होते. मला पाहून त्यांनी खुर्चीवरचे कपडे उचलले.

"बसा बाई. पाणी देतो."

मी पाणी घेतले आणि तयार करून नेलेली वाक्ये क्रमाने सांगितली. शून्य मी उसने घेतले होते. ते मी गटात बांधले नव्हते. प्रूफवरच्या खुणा मी न वाचता केल्या. प्रूफ माझ्याकडेच होते, अजून आहे. तुमची चूक काही नव्हती.

ते ऐकत होते. मग म्हणाले, "हे मला ठाऊक हाय."

"कधीपासून?"

"त्याच दिवशी. फोटो आले तवा मी फाइल उघडून पाह्यली. शून्य सुटं होतं. खालच्या दोनशेतलं शून्य हाय ते, जसंच्या तसं. गटात नसलेलं दुसरं काहीच नव्हतं फाइलीत."

"मग तुम्ही बोलला का नाहीत?"

"तुम्ही 'शोधते' म्हणालात ना." ते दोरीकडे पाहत होते. "मला वाटलं, शोधायल्यात. मी वाट पाह्यली."

 मी विचारले, मुलगी कुठे आहे. गावीच घातली पाचवीत, ते म्हणाले. मी क्षमा मागितली. ती त्यांनी दिली नाही आणि नाकारलीही नाही.

"मालकांना सांगितलं का?" त्यांनी विचारले.

"आधी तुम्हाला सांगावं असं वाटलं."

"मला सांगून काय फायदा, बाई? मला तर माहीतच होतं. ज्याला माहीत न्हाई त्याला सांगा."

एवढे सरळ होते ते. मी वर्गात इतकी वर्षे क्रम शिकवला होता आणि माझा क्रमच चुकला होता. त्यांच्याकडे मी त्यांच्यासाठी गेले नव्हते. मन हलके करायला गेले होते, आणि त्यासाठी सर्वांत सोपा माणूस निवडला होता, जो ओरडणार नाही.

शुक्रवारी सकाळी मी निळी फाइल मालकांच्या टेबलावर ठेवली. त्यांनी प्रत उलगडली. लाल खुणांवरून एक एक करीत बोट फिरवले, सगळ्या चोवीस घरांवरून. मी कधी केले नव्हते ते त्यांनी केले.

"आडीच म्हयने," ते म्हणाले. "आन मी त्या माणसाला हाकलला."

"हो."

"मला का न्हाई सांगितलंत? मी काय खाल्लं आसतं का तुमाला?"

"नाही. तुमचा माझ्यावर विश्वास होता, तो जाईल असे वाटले."

"मंग आता ऱ्हायला का?" त्यांनी विचारले. प्रश्नाला उत्तर नको होते. त्यांनी कारखान्याला पाठवायचे नवे पत्र माझ्याकडूनच लिहून घेतले. चूक तपासणीतली आहे, मांडणीतली नाही, आणि खाली माझी सही. मग मांडणीवाल्यांना चाकणला फोन लावला.

ते परत आले, पण लगेच नाही. एक दिवस येऊन बसले, मालकांचे ऐकून घेतले आणि दोन गोष्टी मागितल्या. एक, कायम केल्याचे पत्र आधी हातात हवे. दुसरी मागताना त्यांनी माझ्याकडे पाहिले नाही. "प्रूफ कुणाच्या कपाटात ठेवायचं न्हाई. यंत्राजवळ भिंतीला खिळा मारा. सही झालेलं प्रत्येक प्रूफ तिथं लटकलं पायजे. कुणीही यावं, पाहावं."

"शाळेचा फळाच की!" यंत्रावरचा एक जण म्हणाला. कुणी हसले नाही.

जुलैपासून ते कामावर आहेत. मुलीचे पाचवीचे वर्ष गावी चालू आहे. मध्येच शाळा बदलली तर तिला जड जाईल, म्हणून बायको आणि मुलगी येत्या जूनपर्यंत तिकडेच राहतील. मी हिशेबाने पाहते, तेव्हा माझ्या त्या एका शब्दाची किंमत एका मुलीचे बापाशिवायचे एक वर्ष आहे, आणि हे वर्ष कुठल्याही पत्राने परत येत नाही. आता ते मला बाई म्हणत नाहीत. मॅडम म्हणतात, बाहेरून आलेल्या ग्राहकांना म्हणतात तसे. माझ्याकडून आलेली फाइल उघडली की ते आधी सगळा गट एका बाजूला सरकवतात आणि खाली काही सुटे उरले का ते पाहतात. मी शेजारी उभी असले तरी पाहतात. बरोबरच करतात. भिंतीवरची 'एकदाच क्लिक' ही ओळ मी खोडून त्यांची ही रीत लिहिली आहे.

आता सुरुवातीच्या प्रश्नाचे उत्तर. शून्य माझ्यामुळे गळले. दोन कळा न दाबल्याने ते सुटे राहिले, तेवीस घरे न वाचल्याने ते सुटे आहे हे कळले नाही, आणि हे दोन्ही घाईत घडले असे म्हणता येईल. त्यानंतरचे अडीच महिने घाईत घडले नाहीत.

मी हे आठवणीतून लिहिले आहे आणि दोषी माणसाची आठवण स्वतःला सांभाळून घेते, हे मला माहीत आहे. म्हणून एक विनंती. जे हे काम करतात त्यांनी माझ्या सांगण्यावर विसंबू नये. कर्व्ह केलेली एखादी जुनी फाइल उघडा, गट बाजूला सरकवा आणि खाली काय उरते ते पाहा. जे हे काम करीत नाहीत त्यांनी आपल्या यंत्रावरचा स्टिकर शेजारच्या यंत्रावरच्या स्टिकरशी ताडून पाहावा. कृपया स्वतः तपासा.